घरी बास जिग बांधताना रंगांची जोडणी कशी ठरवायची

बास या गोड्या पाण्यातल्या माशासाठीचं आमिष, म्हणजे जिग, घरी बांधायला घेतलं की पहिल्या महिन्यातच हे होतं, स्कर्टच्या टॅब्जचा, म्हणजे त्याच्या सिलिकॉनच्या दोऱ्यांच्या रंगीत पट्ट्यांचा, कॅटलॉग उघडला की शेकडो रंग समोर येतात, त्यातले निम्मे आवडतात, पार्सल घरी येतं, आणि मग टेबलावर सगळा पसारा मांडून बसलं तरी कशाबरोबर काय लावायचं ते सुचत नाही. इथे नॉर्थ कॅरोलायनात कॅरी, मॉरिसव्हिल, एपेक्स या पट्ट्यात राहणारे आणि शनिवारी पहाटे जॉर्डन लेक नाहीतर हॅरिस लेकवर गरवायला जाणारे आपले काही लोक आता जिग विकत घेण्यापेक्षा स्वतः बांधतात, आणि सगळ्यांची गाडी इथेच अडते. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं एकच आहे. रंग आवडीने निवडायचा नाही, क्रमाने निवडायचा. आधी पाणी, मग त्या पाण्यात बास काय खातोय ते, मग जिगचा प्रकार, आणि सगळ्यात शेवटी तो एखादा उठून दिसणारा रंग. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात, चमकदार केशरी टॅब आवडला म्हणून त्याच्याभोवती जिग बांधतात.

नवीन असाल तर दोन ओळीत सांगतो. जिग म्हणजे गरीवर ओतलेलं शिशाचं डोकं, त्याच्या मानेवर बांधलेला सिलिकॉनच्या बारीक दोऱ्यांचा झुपका म्हणजे स्कर्ट, गवतात अडकू नये म्हणून वरच्या बाजूला ताठ केसांचा वीडगार्ड, आणि गरीवर मागून खोचलेला मऊ प्लास्टिकचा ट्रेलर. या चारही ठिकाणी रंग येतो. मासा यातला एकेक भाग वेगळा बघत नाही, त्याला सगळं मिळून एक जिवंत प्राणी वाटला पाहिजे.

बासला नक्की काय दिसतं

हे समजून घेतलंत तर अर्धे पैसे वाचतील. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, लार्जमाउथ बासच्या (आपल्याकडची नेहमीची जात) डोळ्यात दोनच, एक हिरव्याच्या आसपासच्या प्रकाशाला आणि दुसरी लालच्या आसपासच्या प्रकाशाला. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी बासना ठराविक रंगावर जायला शिकवून प्रयोग केले, त्यात लाल आणि हिरवा ते फार अचूक ओळखत होते, पण निळा आणि काळा यात त्यांचा गोंधळ होत होता आणि शार्ट्रूज (हिरवट) पिवळा आणि पांढरा यातही.

आता याचा अर्थ बघा. काळा-निळा जिग हा अमेरिकेतला जुना आणि भरवशाचा जिग आहे, पण त्यातल्या निळ्याच्या सहा वेगवेगळ्या छटा गोळा करण्यात काही हशील नाही. निळ्या टॅबमध्ये चमकी असेल तर तिच्यावरून प्रकाश परततो, तिचा उपयोग आहे. उलट ग्रीन पम्पकिनमध्ये, म्हणजे मातकट गडद हिरव्यात, लालसर तपकिरी घालायचा की केशरी, हा फरक बासला कळण्यासारखा आहे, तिथे वेळ घालवा.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी स्वतःच रंग गाळतं. स्वच्छ पाण्यात लाल सगळ्यात आधी विझतो, पंधरा-वीस फुटांखाली लाल जवळपास काळपट राखाडी होतो, आणि निळा सगळ्यात खोल जातो. शेवाळाने हिरवट झालेल्या पाण्यात हिरवा-पिवळा लांब जातो. पानं कुजून चहासारखं तपकिरी झालेल्या पाण्यात मात्र निळा लगेच संपतो आणि केशरी-लालच त्यातल्या त्यात टिकतात. म्हणजे दुकानात ट्यूबलाइटखाली दिसलेला रंग आणि खाली बासला दिसणारा रंग यांचा काही संबंधच नाही असं समजून चाला.

फ्लोरोसंट रंगांचं थोडं वेगळं आहे, ते आपल्यावर पडलेला निळा-हिरवा प्रकाश घेऊन आपल्या रंगात परत फेकतात, त्यामुळे खोलवरही भडक दिसतात. म्हणूनच ते जपून वापरायचे.

पायरी १: पाणी मोजा

नुसतं बघून गढूळ की स्वच्छ हे सांगू नका, मोजा. पांढरा जिग दोरीला बांधा, बोटीच्या किंवा धक्क्याच्या सावलीच्या बाजूने सरळ खाली सोडा, आणि दिसेनासा झाला की दोरी पाण्याच्या पातळीला चिमटीत धरून वर काढा. पाणी मोजणारे लोक वीस सेंटीमीटरची काळी-पांढरी चकती वापरतात, तिला सेकी डिस्क म्हणतात, आपलं काम पांढऱ्या जिगवर भागतं, फक्त दर वेळी तोच जिग वापरा म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतात.

एक फुटाच्या आत दिसेनासा झाला तर पाणी गढूळ. एक ते चार फूट म्हणजे मध्यम, आणि बहुतेक तलावांवर बहुतेक दिवस हेच असतं. चार-पाच फुटांच्या पुढे गेला तर स्वच्छ. हे आकडे माझ्या सोयीचे आहेत, तुमच्या भागात थोडे सरकवा.

आमच्याकडे पीडमाँटमध्ये, म्हणजे राज्याच्या मधल्या पट्ट्यात, माती लाल आहे, जोराचा पाऊस झाला की हॉ नदीतून जॉर्डन लेकमध्ये आणि ईनो आणि फ्लॅट नद्यांतून फॉल्स लेकमध्ये गाळ येतो, वरच्या टोकाला पाणी वीटकरी आणि धरणाकडे बऱ्यापैकी निवळ असा एकाच दिवशी एकाच तलावात प्रकार असतो. म्हणून मोजायचं ते जिथे गरी टाकणार तिथेच, बोट उतरवली त्या रॅम्पपाशी मोजून उपयोग नाही. याउलट डोंगराकडच्या लेक जेम्सवर पाणी काचेसारखं, तिथे स्मॉलमाउथ ही बासची दुसरी जातही आहे, आणि जॉर्डनवर चालणारा जाडजूड काळा-निळा जिग तिथे भर दुपारी टाकला तर मासा लांबूनच नीट पारखून निघून जातो.

पाण्याबरोबर आभाळही बघा. पहाट, संध्याकाळ, दाट ढग, अशा वेळी बास खालून वर बघतो तेव्हा त्याला जिगचा रंग कमी आणि सावलीसारखा आकार जास्त दिसतो, म्हणून गडद. ऊन डोक्यावर आणि पाणी स्वच्छ, तेव्हा अर्धपारदर्शक, बारीक चमकीचे, फिक्या बाजूचे रंग.

पायरी २: तिथे काय खातोय ते शोधा

सगळ्यात मजेचा भाग हा, आणि हाच लोक सोडून देतात. बास जिग खातो तो मुख्यतः तीन गोष्टी समजून: क्रॉफिश (नांग्या असलेला, झिंग्यासारखा गोड्या पाण्यातला प्राणी), ब्लूगिलसारखे चपटे मासे, आणि शाड.

क्रॉफिशसाठी रॅम्पच्या बाजूच्या उथळ दगडांत जा, दगड हळूच उचला, गढूळ निवळू द्या. एखादा सापडला की हातात धरून नीट बघा. पाठ बहुधा मातकट हिरवी किंवा तपकिरी, एकसारखी नाही, त्यात गडद ठिपके आणि रेषा. पोट फिकं. सांध्यांपाशी आणि नांग्यांच्या टोकाला बऱ्याचदा केशरी किंवा लालसर, आणि तेही टोकापुरतंच. आता हा अख्खा प्राणी तुमच्या जिगची रेसिपी आहे, पाठ म्हणजे मूळ रंग, ठिपके म्हणजे दुसरा रंग, नांगीचं टोक म्हणजे उठावाचा रंग, आणि प्रमाणसुद्धा त्यानेच दाखवून दिलंय. फोन काढून ओल्या अवस्थेतच फोटो घ्या आणि परत सोडून द्या. क्रॉफिश कात टाकतो तेव्हा नवी कात काही काळ मऊ आणि फिकी असते, त्यामुळे एकाच तलावात दोन वेगळ्या छटांचे सापडले तर गोंधळू नका. लुईझियाना आणि टेक्सासकडे लाल जातीचा क्रॉफिश मुबलक आहे, तिथल्या लोकांनी लाल जास्त वापरला तर ते बरोबरच आहे, म्हणून टेक्सासच्या व्हिडिओमधला रंग नॉर्थ कॅरोलायनात जसाच्या तसा उचलू नका.

ब्लूगिल उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पाणी सत्तर फॅरेनहाइटच्या पुढे गेलं की काठाजवळ खळगे करून अंडी घालतात, तेव्हा नराची छाती केशरी-तांबूस होते आणि कल्ल्याच्या टोकाला काळा-निळा ठिपका उठून दिसतो. बास त्या खळग्यांच्या आसपास घिरट्या घालत असतो. त्या दिवसांत ग्रीन पम्पकिनमध्ये थोडा निळा आणि केशरी घातलेला स्विम जिग, म्हणजे पोहत्या माशासारखा ओढत आणायचा जिग, फार चांगला चालतो.

शाड म्हणजे चंदेरी-पांढरे थव्याने फिरणारे मासे, शरद ऋतूत ते तलावाच्या आत शिरलेल्या चिंचोळ्या फाट्यांमध्ये शिरतात आणि बास मागोमाग. तिथे पांढरा, राखाडी, थोडी चंदेरी चमकी, बस.

ग्रेट लेक्सकडे राहणाऱ्यांसाठी एक चौथी गोष्ट, राउंड गोबी. लेक ईरीतला स्मॉलमाउथ हा मासा भरपूर खातो, रंग करडा-तपकिरी आणि ऑलिव्ह, गडद डागांचा. तिथे झगमग टाळा, मातकट राहा.

पायरी ३: तीन भागांत रंग वाटा

एका स्कर्टमध्ये साधारण ४० ते ६० दोरे असतात. एका टॅबमध्ये विसेक दोरे येतात, कंपनीनुसार कमीजास्त, म्हणजे अडीच-तीन टॅबमध्ये एक जिग होतो. आता वाटणी अशी:

मूळ रंग साठ-सत्तर टक्के. हा पाण्यावरून ठरवायचा.

दुसरा रंग पंचवीस-तीस टक्के. हा खाण्यावरून.

उठावाचा रंग चार-सहा दोरे, जास्तीत जास्त आठ. हा फोडणीतल्या हिंगासारखा, चिमूटभर असला की सगळ्याला चव, मूठभर पडला की बाकी काही लागत नाही.

विकतच्या जिगमध्ये आणि घरच्यात फरक पडतो तो या तिसऱ्या भागात. विकतचा जिग हजारो गिऱ्हाइकांसाठी असतो त्यामुळे केशरी असेल तर चांगला दहा-बारा दोऱ्यांचा ठसठशीत, कारण तो आधी दुकानात माणसाला दिसायला हवा. तुम्ही तुमच्या तलावासाठी चारच दोरे लावू शकता आणि उद्या पाणी गढूळलं तर आठ. ही मोकळीक वापरा.

मूळ आणि दुसरा रंग यात फरक हवा पण भांडण नको. ग्रीन पम्पकिन आणि वॉटरमेलन (कलिंगडाच्या सालीसारखा हिरवा) एकत्र केले तर पाण्यात दोन्ही एक होऊन जातात, मग दोन टॅब कशाला खर्च करायचे. ग्रीन पम्पकिन आणि तपकिरी, तपकिरी आणि जांभळा, काळा आणि निळ्या चमकीचा, पांढरा आणि राखाडी, या जोड्यांमध्ये हलताना स्कर्ट उघडतो-मिटतो तेव्हा आतला रंग डोकावतो, आणि त्या हालचालीने जिग जिवंत वाटतो. अमेरिकेत तपकिरी-जांभळ्याला पीनट बटर अँड जेली म्हणतात, मध्यम पाण्यात आणि थंडीत तो मला फार आवडतो.

पायरी ४: बांधताना वर काय, खाली काय

पाण्यात जिग गरीचं टोक वर करून चालतो, वीडगार्डची बाजू ती वरची बाजू. प्राण्याची पाठ गडद आणि पोट फिकं असतं, म्हणून स्कर्ट गोल सगळीकडे सारखा मिसळण्याऐवजी गडद टॅब वर, फिकी टॅब खाली आणि उठावाचे दोरे दोन्ही बाजूंना किंवा फक्त खाली ठेवा.

यासाठी रबरी कॉलर वापरू नका, ती फिरते आणि चार फेकींनंतर पोट पाठीवर येतं. मऊ तांब्याची बारीक तार घ्या, गडद टॅब डोक्याच्या मानेवर वरून धरा, तारेचे दोन वेढे सैल द्या, फिकी टॅब खालून सरकवा, उठावाचे दोरे बाजूला घाला, मग आणखी दोन-तीन वेढे देऊन पकडीने पीळ घट्ट करा. पीळ कापून टोक दुमडा नाहीतर बोटाला लागतं. टॅबच्या टोकाला दोरे जोडलेले असतात ते अगदी शेवटी ताणून कापायचे, आधी कापले तर दोरे हातभर पसरतात. लांबी गरीच्या वळणाच्या थोडी पुढे ठेवा.

पायरी ५: डोक्याचा रंग

डोक्यावर फार डोकं खर्च करू नका. स्कर्टच्या मूळ रंगाचं किंवा त्याहून एक छटा गडद, झालं. चार रंगांच्या पावडरीत सगळं भागतं: काळा, ग्रीन पम्पकिन, तपकिरी, पांढरा.

पावडर पेंटची पद्धत: डोकं हीट गनने तापवा, पावडरीत पटकन बुडवून काढा, वितळून गुळगुळीत झालं पाहिजे, नाही झालं तर परत थोडी उष्णता. दोरी बांधायच्या कडीतला रंग टोकदार सुईने लगेच मोकळा करा, नंतर फार त्रास होतो. मग ३५० फॅरेनहाइटला पंधरा-वीस मिनिटं भाजा, पावडरीच्या डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. यासाठी जुना टोस्टर ओव्हन वेगळा ठेवा, गराजमध्ये, ज्यात परत कधीही खायचं काही जाणार नाही. वीडगार्ड आणि स्कर्ट डोकं भाजून झाल्यावरच लावा, आधी लावले तर खराब होऊ शकतात.

शिसं स्वतः ओतत असाल तर उघड्यावर, वारा पाठीमागून घेऊन, मास्क-हातमोजे-चष्मा लावून, आणि पाण्याचा थेंबसुद्धा जवळ नको, वितळलेल्या शिशात पाणी पडलं तर ते उसळून अंगावर येतं. मुलं आसपास नकोत, हात धुतल्याशिवाय चहाचा कप धरू नका. न्यू हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत लहान शिशाच्या जिगवर बंदी आहे, तिकडे राहणाऱ्यांनी टंगस्टन किंवा बिस्मथ-कथिलाकडे वळावं आणि आपल्या राज्याचे नियम वाचूनच साहित्य मागवावं.

पायरी ६: ट्रेलर

ट्रेलर हा जिगवरचा सगळ्यात मोठा एकसंध रंगाचा तुकडा असतो, त्यामुळे स्कर्टवर घेतलेली सगळी मेहनत चुकीचा ट्रेलर एका क्षणात पुसून टाकतो. स्वच्छ पाण्यात ट्रेलर स्कर्टच्या मूळ रंगाचा. गढूळ पाण्यात स्कर्टच्या दुसऱ्या रंगाचा, म्हणजे काळ्या-निळ्याला निळा. नांग्यांच्या टोकाला डाय मार्करने (प्लास्टिक रंगवायच्या पेनाने) केशरी लावायचं असेल तर पाव इंच पुरे, मघाचा क्रॉफिशचा फोटो उघडून बघा म्हणजे हात आवरेल. आणि ट्रेलरला केशरी लावलंत तर स्कर्टमधले केशरी दोरे कमी करा, दोन्हीकडे नको.

चार जिग, सुरुवातीला एवढेच

गढूळ पाणी, झाडं-गवत, कमी उजेड: फ्लिपिंग जिग (झाडीत जवळून अलगद सोडायचा), १/२ औंस. काळे पस्तीस दोरे, निळ्या चमकीचे काळे पंधरा. डोकं काळं, ट्रेलर निळा किंवा काळा-निळा, मोठ्या नांग्यांचा, म्हणजे पाणी ढवळलं जाईल. लाल मातीचं पाणी असेल तर चार केशरी दोरे पोटाला.

मध्यम पाणी, कुठेही: आर्की डोक्याचा (सगळीकडे चालणाऱ्या साध्या आकाराचा) जिग, ३/८ औंस. ग्रीन पम्पकिन तीस, तपकिरी पंधरा, केशरी चार. तुम्हाला एकच जिग बांधायचा असेल तर हा बांधा, आमच्या भागात वर्षातले बहुतेक महिने हा दोरीवर असला तरी बिघडत नाही.

स्वच्छ पाणी, दगड: फुटबॉल जिग (अमेरिकन फुटबॉलसारखं आडवं लांबट डोकं), खोलीनुसार १/२ किंवा ३/४ औंस. मिसुरीतला टेबल रॉक, आमचा लेक जेम्स, अशा ठिकाणी. फिका तपकिरी किंवा वॉटरमेलन पंचवीस, बारीक गडद ठिपक्यांचा ग्रीन पम्पकिन पंधरा, जांभळे चार. एकूण दोरे कमी, स्कर्ट विरळ आणि आखूड. वीस फुटांवर गरवणार असाल तर लाल घालू नका, तिथे तो राखाडीच दिसणार.

शाड किंवा ब्लूगिल, वरच्या थरात: स्विम जिग, १/४ औंस. शाडसाठी पांढरे चाळीस, राखाडी दहा. ब्लूगिलसाठी ग्रीन पम्पकिन तीस, निळे आठ, पोटाला केशरी सहा. शार्ट्रूज पांढऱ्यात मिसळायचा मोह होतो, पण मघाचं आठवा, बासला दोन्ही जवळपास सारखेच, तर ते दोरे राखाडीला द्या.

पायरी ७: ओला करून बघा, मग लिहून ठेवा

कोरडा सिलिकॉन आणि ओला सिलिकॉन हे दोन वेगळे रंग आहेत, विशेषतः वॉटरमेलन आणि बाकी अर्धपारदर्शक रंग ओले झाल्यावर एकदम उतरतात. तलावाचं पाणी एका काचेच्या बरणीत घरी आणा, जिग त्यात सोडा, बरणीच्या मागे आधी पांढरा आणि मग गडद तपकिरी कागद धरून बघा. तपकिरी कागदापुढे जिग पूर्ण नाहीसा झाला तर दुसऱ्या रंगाचे चार दोरे वाढवा. उठावाचा रंग सोडून दुसरं काही दिसतच नसेल तर ते कमी करा. दोन हात लांब जाऊन परत बघा, जवळून सगळेच रंग छान दिसतात.

पाण्यावर दोन रंग ताडून बघायचे असतील तर वजन, डोकं, ट्रेलरचा आकार सगळं तेच ठेवून फक्त रंग बदला, आणि एकाच जागेवर आलटून पालटून टाका. दोघं जण बोटीत असाल तर हे फार सोपं, तासाभराने जिग अदलाबदल करा म्हणजे फरक हाताचा की रंगाचा तेही कळतं. वहीत तारीख, पांढरा जिग किती फुटांवर दिसेनासा झाला ते, आभाळ, खोली, दोऱ्यांची संख्या आणि मासा कुठे लागला एवढं लिहा.

चावा येईनासा झाला की लगेच जिग कापू नका. आधी खोली आणि वेग बदलून बघा, बऱ्याचदा दोष तिथे असतो. मग ट्रेलरचा रंग, कारण ते अर्ध्या मिनिटाचं काम. मग उठावाचे दोरे, खिशात छोटी कात्री ठेवा आणि दोन-दोन करून कापा. मूळ रंग बदलायचा तो पाणी किंवा उजेड बदलला तरच.

आणि तयार जिग मऊ प्लास्टिकच्या ट्रेलरला चिकटवून एकाच कप्प्यात ठेवू नका, प्लास्टिकमधलं तेल आणि रंग स्कर्टमध्ये उतरतात, पांढरा स्कर्ट आठवड्यात डागाळतो. ट्रेलर त्यांच्या मूळ पिशवीत, जिग कोरडे करून वेगळ्या डब्यात.